नारिंगी हातमोजा

"तू माझं कधी ऐकतच नाहीस," असं एकमेकांना म्हणून क्रेनवाला आणि सिग्नलवाला यांच्यात अबोला होता. आज लोखंडी तुळई भिंतीपलीकडे उतरवायची होती आणि तिथलं क्रेनवाल्याला काही दिसत नव्हतं. दिसत होता फक्त भिंतीवर उभ्या सिग्नलवाल्याचा नारिंगी हातमोजा, पंजा पसरलेला, म्हणजे थांब. "सोडा खाली, उशीर होतोय!" वॉकीटॉकीवर इंजिनिअर ओरडला. "त्याचा हात हलू द्या, साहेब." "तुमचं तर त्याच्याशी वाकडं आहे ना!" "वाकडं त्याच्या तोंडाशी आहे, हाताशी नाही." तेवढ्यात विसरलेली पक्कड घेऊन वेल्डर भिंतीपलीकडून बाहेर आला. इंजिनिअरने वॉकीटॉकी खाली घेतला. मोज्याचं बोट खाली वळलं, तुळई अलगद टेकली. दुपारी सिग्नलवाला मुकाट्याने क्रेनवाल्याच्या कपात चहा ओतू लागला. कप काठोकाठ भरताच क्रेनवाल्याने पंजा पसरला. धार तिथेच थांबली. "ऐकतोस की!" क्रेनवाला हसला.