तिला असं म्हणायचंय

आम्रपाली हडपसरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर होती. मीटिंगआधी मॅनेजर सुदर्शन सरांनी तिला बजावलं, "मालकांसमोर मुद्देसूद बोलायचं. आणि सुरुवात चांगल्या बातमीनं."

तिच्याकडे चांगली बातमी नव्हती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "नवा बॉयलर सोमवारी सुरू करू नका. त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतोय. वाफ कोंडली तर बॉयलर फुटेल. मला दुसरा व्हॉल्व्ह हवाय आणि तो बसवायला चार दिवस हवेत."

मालक काही विचारणार, तेवढ्यात सुदर्शन सर हसले. "साहेब, तिला असं म्हणायचंय की बॉयलर जवळजवळ तयार आहे. बारीकसारीक कामं चालता चालता होतील. विचार नीट मांडायची सवय नाही अजून तिला."

आम्रपालीची कानशिलं तापली. ती कामाला लागल्यापासून हा माणूस तिचं प्रत्येक वाक्य असंच धुऊन, इस्त्री करून वर पाठवत होता.

"सर, मला जे म्हणायचं होतं ते माझं म्हणून झालंय." रागानं तिचा आवाज कापत होता. "आता तुमचं तुम्ही म्हणा. बॉयलर तयार आहे ना? मग सोमवारी तो पेटवताना माझ्या माणसांच्या जागी तुम्ही उभे राहा."

मालकांनी मान वळवली. "राहाल का हो, सुदर्शन?"

सुदर्शन सरांनी पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच खाली ठेवला. मग नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं.

"नाही."