थंड पाण्याचे पाहुणे

राहात्याचा उन्हाळा ट्राउट माशाला कितपत सोसतो, हे शोधायला ज्ञानेश्वरीने हिमाचलातून त्याची अंडी घरी आणली, तेव्हा माळकरी सासूबाई आठवडाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. अंडी फुटेपर्यंत पाणी गारच हवं होतं, आणि मार्चच्या दुपारी वीज गेली. टाकीतलं पाणी तापू लागलं. ज्ञानेश्वरी रडवेली झाली. सासूबाई बाहेर पडल्या आणि रसवंतीतून बर्फाच्या लाद्या रिक्षात टाकून घेऊन आल्या. सुनेने त्या पिशव्यांत बांधून टाकीत सोडल्या. पाणी निवेपर्यंत दोघी तिथेच बसल्या. संध्याकाळी एक नारिंगी अंडं फुटलं आणि दोन काळ्या डोळ्यांचं पिल्लू वळवळत बाहेर आलं. सासूबाईंनी पदर सावरून वाकून पाहिलं. “ह्यांना कुनी खानार न्हाई ना?” “नाही, आत्या. अभ्यासाला आणलीत.” “मंग उद्याचा बर्फबी सांगून येते,” म्हणत त्या पुन्हा चपला घालू लागल्या.