दीड अक्षर

"पुण्याच्या बाई स्टेशनवर उतरल्या," उमाताईंनी फोन ठेवत सांगितलं. "आणि खांबाचा चौथा अर्ज मंजूर झाला. सोमवारी हलवणार."

"देव पावला," गिरिधरराव म्हणाले.

गिरिधरराव बँकेतून निवृत्त, उमाताई कॉलेजात ग्रंथपाल. नवीन जालन्यातल्या कॉलनीच्या खोलीत दोघं दर रविवारी जपानी भाषेचा फुकट वर्ग घेत. दारावर बोर्ड होता: 'जपान स्वाध्याय मंडळ'. आज पुण्याच्या बाईंच्या तपासणीत पास झालं तर परीक्षा केंद्र आणि चारशे पुस्तकं मिळणार होती. नाही तर खोली शिवणक्लासला.

गेल्या दिवाळीत वीजवाल्यांनी बोर्डासमोरच खांब रोवला होता.

"दीड अक्षर झाकलंय फक्त," वायरमन म्हणाला होता. "तेवढ्यानं काय बिघडून राह्यलं, साहेब?"

खरं तर काहीच बिघडलं नव्हतं. आधी वर्षभर खोलीत दोघंच बसत. आता अकरा जण येत. नियम एकच, उंबऱ्याच्या आत मराठी बंद. प्रश्न कोणी विचारत नसे. गिरिधररावांनी ते नम्रतेत धरलं होतं.

बाई आल्या, मागच्या खुर्चीत बसल्या. हजेरी सुरू झाली.

"झुंबरबाई?"

"हाय."

"पुंजाराम?"

"हाय."

जपानीत होकाराला हाच शब्द आहे. बाईंच्या भुवया वर गेल्या. उच्चारात खोट नव्हती.

गिरिधररावांनी सतरा अक्षरांची एक कविता सावकाश म्हटली. अकरा जणांनी डोळे मिटले. अंगठे बोटांच्या पेरांवरून सरकू लागले.

"अक्षरं मोजतायत," उमाताईंनी बाईंच्या कानात सांगितलं.

दहा मिनिटं पंख्याचाच आवाज. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"मी सहा वर्षं तिकडे होते," बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या. "अशी एकाग्रता तिथंही पाहिली नाही." त्यांनी सही केली आणि अकराही नावं डिसेंबरच्या परीक्षेला घातली. नाव मागे घेता येत नाही, असं तळाशी बारीक छापलं होतं.

बाईंची रिक्षा वळेपर्यंत गिरिधरराव हात जोडून उभे होते. मागून चपला सरकवत झुंबरबाई आल्या.

"गुरुजी, उंबऱ्याच्या बाहीर हाये म्हणून इचारते. राग मानू नका."

"विचारा की!" गिरिधररावांना भरून आलं. पहिलाच प्रश्न होता.

"बोर्ड वाचून आल्ते मी. समदेच तसे आल्ते. वर्स होत आलं, डोळे मिटून राह्यलो, पेरं मोजून राह्यलो. आता तरी सांगा, जप नेमका कोण्या देवाचा करायचा?"