उजव्या खांद्यावरची पाकळी

सकाळी नऊ वाजता हळर्णच्या देवळात कौल लावला गेला. भटजींनी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार.

संध्याकाळी म्हापशात प्रज्योतच्या रॉक बँडचा कार्यक्रम होता. त्याच्या नव्या गाण्याचा ठेका देवळातल्या आरतीचा होता. गिटार हाती येण्याआधी तो, देवळात वडील वाजवत त्या घुमटावर, म्हणजे चामडे मढवलेल्या मातीच्या वाद्यावर, हाच ठेका शिकला होता. गाणे ऐकल्यापासून वडील, कृष्णनाथ, त्याच्याशी बोलले नव्हते. आज उठल्यावर एवढेच म्हणाले, "न्हाव आणि देवळात चल."

"देव नाय म्हणालो तरी मी गातलंय," मूर्तीसमोर उभा प्रज्योत त्यांच्या कानाशी पुटपुटला.

"गा मरे. तुका कोण अडवता? तुझो ड्रमवालो ठेको चुकता, तेचां काय तां बघ."

भटजींनी गाऱ्हाणे घातले. "देवा म्हाराजा, हो कृष्णनाथ तुझ्या दारात उभो आसा. तुझां घुमट आजपर्यंत देवळाभायर वाजूक नाय. आज सांजेक तां घेवन झिलाच्या, ह्या प्रज्योतच्या, बाजूक वाजवूक बसू काय, म्हणान इचारता."

प्रज्योतने चमकून वडिलांकडे पाहिले. ते मूर्तीवरची नजर काढत नव्हते. मग त्यानेही हात जोडले.

दहाच्या सुमारास डावी पाकळी खांद्यावरून घसरली आणि मूर्तीच्या कोपराशी अडकून राहिली. उजवी अजून जागची हललेली नाही.