बाबनरावांच्या घरापुढे

"माह्या घरापुढून पाइप जाणार नाही म्हणजे नाही!" बाबनराव ओट्यावर उभे राहून ओरडले. "गल्ली काय तुमच्या बापाची आहे?"

गोविंदाने हातातली पहार खाली टाकली. विणकरांच्या त्या गल्लीत सकाळपासून खड्डे खणून त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. मारोतरावांच्या दारापासून चौकातल्या चहाच्या टपरीपर्यंत, घरांच्या कडेकडेने, कमरेइतका उंच कठडा उभा राहत होता. कल्पना नर्स शोभाताईंची. दवाखान्याच्या व्हरांड्यात असा कठडा धरून म्हातारे चालताना त्यांनी पाहिले होते. मग कुणी बांबू दिला, कुणी नळाचा जुना पाइप, कुणी मोडक्या मागाचं लाकूड. आपल्या सायकलच्या दुकानातली हत्यारं आणून गोविंदाने ते जोडलं. मे महिन्यात लोखंडाला हात लावणार कोण, म्हणून बायकांनी त्यावर उरलंसुरलं सूत गुंडाळलं. गल्लीतल्या सगळ्याच म्हाताऱ्यांची सोय होणार होती. अडलं ते बाबनरावांपाशी.

"काकाजी, मामाजीसाठी तरी," पुष्पलता म्हणाली. मारोतराव तिचे सासरे. मांडीचं मोडलेलं हाड कधीच जुळलं होतं, पण ते खाटेवरून उठत नव्हते. चालले नाहीत तर कायमचे अंथरुणाला खिळतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"त्याच्यासाठी तर नाहीच नाही."

दोघांचं मोरीच्या पाण्यावरून बिनसलं होतं. त्याला इतकी वर्षं झाली होती की ती मोरीसुद्धा आता बुजली होती.

पुष्पलताने कपाळावर हात मारला. "एक उठत नाही, एक ऐकत नाही. मी कोणाकोणाच्या पाया पडू?"

शेवटी बाबनरावांच्या घरापुढची चार-पाच पावलांची जागा तशीच सोडून कठडा पुढे गेला.

संध्याकाळी तिने मारोतरावांना उठवलं. नवरा मिलच्या पाळीवर, त्यामुळे ती एकटीच होती. मारोतरावांनी आधी चपलेला नावं ठेवली, मग बांबूला, मग गोविंदाला. "चहा घरीच पेतो ना वं. कायले नाटक?"

"चाला, मामाजी."

कठडा धरून, दर दोन पावलांना थांबत, कुरकुरत ते मोकळ्या जागेपर्यंत आले. पुढे धरायला काही नव्हतं.

"हात द्या," पुष्पलता म्हणाली.

"मले नको कोणाचा हात."

"मग परत चाला."

"परत बी नाही जात."

ती रडकुंडीला आली. ओट्यावर बसून बाबनराव विंझण्याने वारा घेत होते. आभाळाकडे पाहत ते म्हणाले, "काही लोक आले तसे वापस जाते."

मारोतरावांची मान गर्रकन वळली. "कोण जाते वापस?" त्यांनी कठडा सोडला. पाय लटपटत होते, तोंडातून शिव्या चालू होत्या. पुष्पलता दोन्ही हात पसरून, अंगाला न लावता, मागोमाग सरकत होती. पलीकडचा बांबू हाताला लागला तसे ते वळले. "पाहून घे बे! पाहून घे!"

"पाहूनच राहिलो. लंगड्या बकरीवानी चालून राहिला."

मग ते रोजचंच झालं. दुपार कलली की मारोतराव स्वतःच हाक मारत, "चाल वं, उशीर होऊन राहिला." मोकळ्या जागेत पोचले की दोन्हीकडून तोंडाचा पट्टा सुरू. आयाबाया पोरांना घरात ओढून घेत. शरमेने पुष्पलताची मान वर होत नसे. "ह्या वयात हे काय बोलणं, मामाजी!" ती चिडून म्हणे. त्यांना ते ऐकूच येत नसे. शोभाताईंनी एकदा त्यांची मांडी चाचपली आणि म्हणाल्या, "पायात ताकद येऊन राहिली तुमच्या."

एका संध्याकाळी मोकळ्या जागेत मधोमध मारोतरावांचा तोल गेला. पुष्पलताने कमरेला धरलं म्हणून पडले नाहीत. बाबनराव ओट्यावरून ताडकन उठले होते, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. मारोतराव तिथेच उभे राहिले, ओट्याकडे पाहत. पुढे पाऊल पडेना, मागेही पडेना. शेवटी पुष्पलताने धरून धरून त्यांना घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सासऱ्यांचा डोळा लागला असताना बाबनराव तिच्या दारात आले. मागे गोविंदा, खांद्यावर पहार.

"लावून टाका म्हणावं पाइप," बाबनराव जमिनीकडे पाहत म्हणाले. "पडला-बिडला तर माह्या माथी येईल."

गोविंदा खुशीत होता. "वहिनी, तासाभरात उरकतो."

पुष्पलता पदराने हात पुसत उंबऱ्यात उभी राहिली. तिने आत वळून खाटेकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली.

"आँ?" गोविंदा चिडला. "ह्याच्यासाठीच तर भांडत होत्या ना तुम्ही!"

"होती भांडत. आता राहू द्या म्हटलं ना." मग ती बाबनरावांकडे वळली. तिचा आवाज अजून त्रासलेलाच होता. "आणि काकाजी, काल तुम्ही गप काहून झाले? तुम्ही बोललेच नाही, तर मामाजी चालतील कसे?"

आत खाट करकरली. मारोतरावांनी झोपेतच काहीतरी पुटपुटून कूस बदलली.

बाबनराव परत फिरले. जाता जाता दोनदा खाकरून त्यांनी घसा मोकळा केला.