सुमनबाईंच्या गाडीचा नंबर

“अम्मा जी, आज भी सर्वर डाउन है,” शोरूमचा मॅनेजर नीलकंठ म्हणाला, आणि सुमनबाईंचं डोकंच सणकलं.

“उतरा है तो उतरा रहने दो, भैया. मैं नहीं उतरती.”

बाई बसल्या होत्या आपल्याच नव्या गाडीत. मागच्या आवारात पांढरीशुभ्र गाडी उभी, आणि पुढच्या सीटवर मांडीवर पर्स घट्ट धरून सुमनबाई. गाडी त्यांच्या नावावर, सह्या त्यांच्या, आणि नंबराचा मात्र पत्ता नाही. नंबर नाही तोवर गाडी फाटकाबाहेर निघणार नाही म्हणे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, दुसरं काय! आधी फोटो नीट आला नाही, मग आरटीओचे साहेब सुट्टीवर गेले, आता हा मेला सर्वर. मुलगा रत्नाकर रोज संध्याकाळी येऊन एकेक नवीन कारण सांगायचा. शेवटी आज तो ऑफिसला गेल्यावर बाईंनी जबलपूरच्या घमापुरातून ई-रिक्षा केली आणि कोणाला न सांगता इथं येऊन थडकल्या.

गाडीची हौस त्यांना होतीच, भरपूर होती. पण घाई होती ती चौदा ऑक्टोबरची. त्या तारखेला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हा सुमनबाई बापाच्या खांद्यावर बसून तिथं होत्या. पुढे लग्न होऊन जबलपूरला आल्या, नवरा डोमाजी फॅक्टरीत लागले, तरी दीक्षाभूमी चुकली नाही. दसऱ्याची गर्दी नको म्हणून दोघं चौदा तारखेलाच जायचे. वाटेतल्या कुरईच्या घाटात बस बंद पडली तरी जायचे. डोमाजी गेल्यावरही बाई एकट्या जात राहिल्या. आता गुडघ्यांना बस सोसत नव्हती. गाडी मिळाली नाही तर यंदा घरी बसावं लागणार होतं. आणि एकदा घरी बसलेलं म्हातारं माणूस पुन्हा उठत नाही, हे त्यांनी शेजारीपाजारी पाहिलं होतं.

नीलकंठने चहा मागवला. बाईंनी घेतला. चहावर कसला राग? चहा पिता पिता त्यांनी काचेतून आत नजर टाकली. शोरूम ओस पडलं होतं. गाड्या दाखवणारी पोरं माशा मारत बसली होती. एवढ्यात नीलकंठचा फोन वाजला.

“नवरात्रि में ले जाइए, भाईसाहब,” तो कोणाला तरी सांगत होता. “अभी तो पितृपक्ष है.”

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“अच्छा! तो ये है आपका सर्वर!” त्या कडाडल्या. “सुनो भैया. हम बौद्ध हैं. हमारे घर न श्राद्ध, न मुहूर्त. ये सब मेरा बाप छप्पन में नागपुर में छोड़ आया. आप कौन होते हो वापस मेरे सिर पर रखने वाले?”

आतली पोरं उठून दारात आली. नीलकंठने सरळ हात जोडले.

“अम्मा जी, मैं क्यों रोकूँगा? इन दिनों तो हम एक ग्राहक को तरसते हैं. आपके रत्नाकर जी का ही फोन आया था. बोले, अमावस तक नंबर मत चढ़वाना, अम्मा पूछें तो सर्वर का बोल देना.”

घ्या! परक्याला झोडपायला निघालेल्या बाईच्या हाती आपलंच पोर लागलं. राग तर आलाच, पण रागाहून जास्त लाज वाटली. ज्या घरात इतक्या वर्षांत कधी पंचांग आलं नाही, त्या घरात हे आलं कुठून?

“बुलाओ उसको,” त्या म्हणाल्या.

रत्नाकर स्कूटर दामटत आला. पन्नाशीचा बाप्या, पण आईला गाडीत बसलेली पाहून त्याचं तोंड एवढंसं झालं.

“आई, घरी चल ना. इथं तमाशा काहून करून राहिली?”

“तमाशा मी करून राहिली? खोटं तू बोलला! काहून रोकला नंबर?”

रत्नाकरने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “मी नाही मानत गं. पण ऑफिसात सारेच बोलून राहिले. या पंधरवड्यात पितर येतात, नव्या वस्तूवर त्यांची नजर पडते म्हणतात. आणि चौदा तारखेले नेमकी सर्वपित्री अमावस्या! तुले घेऊन घाटातून जायचं. काही झालं म्हणजे? नवरात्रात घेऊ ना, काय बिघडते?”

नीलकंठ घुटमळला. “तो अम्मा जी, रहने दें?”

सीटवर कंपनीची प्लास्टिकची पन्नी होती, ती सुमनबाईंनी टराटरा फाडली आणि चोळामोळा करून नीलकंठच्या हातात दिली.

“चढ़ाओ नंबर. आज ही. चौदा को मुझे नागपुर जाना है.”

नीलकंठ लगबगीने आत गेला. रत्नाकर दार धरून तसाच उभा होता, आणि भीती अजून त्याच्या तोंडावरून हलली नव्हती. तेव्हा बाईंचा आवाज एकदम नरम झाला.

“अरे, आपले पितर म्हणजे कोण रे? तुझा बापच ना? तो कायले नजर लावन, येड्या? फडकं घेऊन दिवसभर पुसत बसला असता ना गाडी!”