कुणाला शोभेल

सत्तावीस बाटल्यांची सत्तावीस कार्डं लिहून झाली होती. अठ्ठाविसाव्या कार्डावर 'स्त्री-पुरुष दोघांसाठी' एवढं लिहिलेलं होतं. त्याखालची ओळ मात्र रिकामी होती: कुणाला शोभेल? चार वाजता छापखान्याच्या बाई मजकूर न्यायला येणार होत्या, आणि नाकू खिडकीतून ढग बघत बसली होती.

नाकू हे घरचं नाव. वास घेऊन पोट भरणाऱ्या मुलीला घरच्यांनी दुसरं काय म्हणायचं! तिची अत्तरं मोठ्या दुकानांत मिळत नसत. या एका खोलीत ती बनायची आणि प्रत्येक बाटलीबरोबर एक कार्ड जायचं. 'घाईतसुद्धा चपला नीट लावून ठेवणाऱ्यांना', असं एकावर होतं. 'भांडताना हसू फुटणाऱ्यांना', असं दुसऱ्यावर. लोक कार्ड वाचूनच बाटली निवडत, आणि बहुतेकदा स्वतःबद्दल गैरसमज करून घेत.

तिने अठ्ठाविसाव्या अत्तरात बुडवलेली कागदाची पट्टी पुन्हा नाकाशी धरली. मिरी, ओला पुठ्ठा, थोडा धूर. मध्ये नुसती पोकळी. मग सवयीने तिने कोपराच्या खळगीत नाक खुपसलं. एकामागून एक वास घेतले की नाक गोंधळतं; स्वतःच्या बाहीचा वास घेतला की पाटी कोरी होते. ही या धंद्याची जुनीच युक्ती. तिची बाही जुन्या तपकिरी स्वेटरची होती, बोटांपर्यंत येणारी.

वहिनी डबा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"नाकू, आत कोण आहे?"

"कोणी नाही. मीच आहे."

वहिनीने डबा ठेवला, पट्टी उचलून हुंगली आणि हळूच स्टुलावर बसली. बराच वेळ तिने डोळे उघडले नाहीत.

"हे ह्यांचं आहे गं," ती म्हणाली. "कामावरून आल्यावरचं. हात धुवायच्या आधीचं."

नाकूचा दादा सुतार होता. त्याला जाऊन तेरा महिने झाले होते.

नाकूने पट्टी जवळजवळ हिसकावूनच घेतली. मिरी. पुठ्ठा. धूर. "कुठाय? मला का येत नाहीये?" तिने वही उघडली. देवदार तीन थेंब. ते खोडून पाच. तेही खोडून नऊ. दादाच्या गालात कायम असायची ती लवंग, दोनाची सात झालेली. दर वेळी कमीच वाटलं म्हणून ती वाढवत गेली होती.

वहिनी तिच्या बाहीकडे बघत होती. "स्वेटर कुणाचा घातलायस?"

नाकूने खाली पाहिलं. तेरा महिने तो अंगावर होता. नाकाला ज्याची सवय होते ते नाक सांगेनासं होतं, हे ती स्वतःच सगळ्यांना समजावून सांगायची. आणि रोज शंभरदा दादाच्याच बाहीत नाक खुपसून शंभरदा ती दादालाच वजा करत होती.

"गाढव आहे मी."

"आहेस," वहिनी म्हणाली. दोघी हसल्या, आणि हसता हसता नाकूला रडू आलं. "बनवला मी, आणि तुला एका झटक्यात आला. मलाच नाही. हे बरोबर नाही, वहिनी."

वहिनीने स्वेटर काढायला लावला, सगळ्यात मोठ्या बरणीत कोंबून झाकण घट्ट लावलं. नाकूने दंडापर्यंत हात धुतले आणि खिडकीशी येऊन बसली. दुपार कलत होती. उन्हाच्या पट्ट्यात धूळ सावकाश खाली येत होती, समोरच्या शिंप्याचं मशीन लांबून आल्यासारखं वाजत होतं. मधूनच नाकू पट्टी हुंगायची आणि मान हलवायची.

"घाई करू नकोस," वहिनी म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "विकणार आहेस हे?"

"तू नको म्हणालीस तर नाही विकणार."

वहिनी डब्याचं झाकण नीट बसवत राहिली.

चारला छापखान्याच्या बाई आल्या. दोरीला लटकलेला चष्मा, शाईने काळी झालेली बोटं, आणि आवाज असा की बाटल्या किणकिणल्या. "झालं का? मशीन थांबवून आलेय." त्यांनी रिकामी ओळ बघितली. "सुचत नसेल तर मला लावून बघा. मला काहीच शोभत नाही यावर आमच्या घरात एकमत आहे."

नाकूने वहिनीकडे पाहिलं. वहिनी उठली. तिने बाटली हातात घेतली, थोडा वेळ तशीच धरून ठेवली.

"हात पुढे करा," ती म्हणाली. तिने दोन्ही मनगटांना अत्तर लावलं, मग जरा विचार करून कॉलरलाही लावलं.

बाईंनी मनगट हुंगलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बरं वाटतंय हो. घरी कुणीतरी आपल्यासाठी जेवायचं थांबलंय, असं वाटतंय. हेच छापू का?"

"छापा," वहिनी म्हणाली.

कार्ड घेऊन बाई निघाल्या. उघड्या हातांनी कुडकुडत नाकू दार धरून उभी होती. बाई तिच्या अंगावरून पुढे गेल्या, आणि त्यांच्यामागून वारा आत आला. देवदार. लवंग. दिवसभराचा घाम आणि भुसा. दादा नेहमीसारखा घाईत तिला खांदा घासून गेला.

"आला," ती कसंबसं म्हणाली. वहिनी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

बाई रस्ता ओलांडत होत्या. छापखाना समोरच्याच बाजूला होता, तीन दुकानं सोडून.

"पोचलात की फोन करा!" वहिनीने जुन्या सवयीने मागून हाक दिली.

बाई रस्त्याच्या मधोमध थांबल्या. त्यांनी एकदा छापखान्याकडे पाहिलं, एकदा दारातल्या दोघींकडे.

"करते," त्या म्हणाल्या.